पवन मावळातलं एक तळं: बास, चिलापी आणि मरळ

नोव्हेंबर २०२३ मध्ये एका ओळखीच्या डॉक्टरांकडून माझा नंबर घेऊन बाणेरहून एक गृहस्थ बोलले. पवन मावळात त्यांची सात एकर जमीन, त्यात अडीच एकरांचं तळं. म्हणाले, "सर, तळ्यात पाचशे बास सोडलेत. आठ महिने झाले, एकही गळाला लागत नाही. नुसती बोटभर चिलापी येते. एकदा येऊन बघाल का?"

'पाचशे बास' ऐकून मी दचकलो. बास, म्हणजे अमेरिकेतला लार्जमाउथ बास, हा मासा आपल्या नद्यांमध्ये नाही आणि नसलेलाच बरा. तो खरोखर कुणी मावळात आणून सोडला असेल, तर प्रश्न एका तळ्यापुरता उरत नव्हता. त्याच आठवड्यात गेलो. पुढची दोन वर्षं या तळ्याशी माझा संबंध राहिला, आणि त्यात माझीही एक मोठी चूक झाली. ती सुद्धा इथे सविस्तर लिहितो, कारण अशा तळ्यांचे मालक पुण्याभोवती आता बरेच झाले आहेत आणि बहुतेकांचा प्रश्न याच वळणावर येऊन थांबतो.

तळं आणि मालक

तळं नाल्यावर मातीचा बांध घालून केलेलं, तीसेक वर्षांपूर्वीचं. बांधाजवळ खोली चार मीटर, वरच्या अंगाला उथळ होत भातखाचरांना टेकलेलं. पावसाळ्यात भरलं की जादा पाणी दगडी सांडव्यावरून ओढ्यात जातं. उन्हाळ्यात पसारा निम्म्यावर येतो, पण तळाशी झरा असल्याने पूर्ण आटत नाही.

मालकांचं वय पंचेचाळीसच्या आसपास. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अकरा वर्षं नोकरी करून परत आलेले. तिथे घरामागे एका शेतकऱ्याचं खाजगी तळं होतं आणि दर शनिवारी पहाटे ते तिथे बास धरायला जायचे. जॉर्जियाला बासवाल्यांच्या लेखी वेगळाच मान आहे. २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी या तरुणाने तिथल्या मॉन्टगोमेरी लेकमध्ये २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा बास पकडला. तो विक्रम ७७ वर्षं टिकला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. मालकांनी हे सगळं मला बांधावर उभ्या उभ्या सांगितलं, आणि सांगताना त्यांचे डोळे पाण्यावरच होते. मुलीला ती शनिवारची पहाट इथे द्यायची, एवढ्यासाठी त्यांनी २०२१ मध्ये ही जमीन घेतली होती. ती ओढ मला पूर्ण कळते. पहिला मासा गळाला लागल्यावर हाताला जाणवणारा तो थरथरता ताण ज्याने लहानपणी अनुभवला आहे, तो आयुष्यभर पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

जागेची राखण एक कातकरी मामा करतात. पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी मी जाळं टाकत होतो तेव्हा ते बांधावर बसून नुसते बघत होते. मी तेव्हाच त्यांच्याशी बसून बोललो असतो, तर एक वर्ष वाचलं असतं.

'बास' म्हणून काय आलं होतं

आधी हा संशय मिटवायचा होता. मालकांकडे बीज पुरवणाऱ्याची पावती होती. त्यावर 'बास सीड, ५०० नग' एवढंच. रात्री गळजाळं लावलं आणि सकाळी त्यात एक चंदेरी मासा अडकलेला मिळाला. ३१ सेंटिमीटर, साधारण साडेतीनशे ग्रॅम. कपाळापासून पाठीपर्यंत खोलगट उतार, गोल शेपटी, आणि टॉर्चच्या उजेडात डोळा तांबूस चमकला. माझा जीव भांड्यात पडला. तो जिताडा होता.

जिताडा म्हणजे रायगडच्या खाड्यांचा राजा. पेण-अलिबागकडे घरामागच्या तळ्यात तो पोसतात आणि मानाच्या माणसाला भेट देतात. व्यापारात त्याला सी बास किंवा एशियन सी बास म्हणतात. विक्रेत्याने त्यातलं 'सी' गाळलं की मालकांनी ऐकलं नाही, त्या वादात मी पडलो नाही. अमेरिकन बासशी त्याचं नातं फक्त नावापुरतं आणि शिकारी स्वभावापुरतं आहे.

जिताडा गोड्या पाण्यात वाढतो, पण तिथे अंडी घालत नाही. त्यासाठी त्याला समुद्राचं खारं पाणी लागतं. जन्मतः बहुतेक जिताडे नर असतात आणि काही वर्षांनी मादी होतात. १९९७ साली चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने त्याचं प्रजनन हॅचरीत यशस्वी केलं, म्हणून आज त्याचं बीज मिळतं. पण बोटुकली लहान असताना एकमेकांना गिळतात. आकारानुसार निवड न करता सोडली तर शेकड्यांतली मोजकी उरतात. शिवाय पाणी २० अंशांच्या खाली गेलं की जिताडा खाणं सोडतो, आणि मावळात जानेवारीत पहाटे तसं पाणी असतं. पाचशेंपैकी किती उरले असतील? पुढच्या सगळ्या जाळ्यांत मिळून आम्हाला सात दिसले.

खरा आजार

मालकांना वाटत होतं की बास लागत नाही हा प्रश्न आहे. तळं काही वेगळंच सांगत होतं.

दोन रॉड घेऊन आम्ही तीन तास बसलो. कणकेच्या गोळ्यावर ४१ चिलाप्या आल्या, सगळ्यांत मोठी १३ सेंटिमीटर. मग फेकजाळ्याचे दहा घेर टाकले. २१२ चिलाप्या, एक रोहू, दोन कटले. कटल्यांचं डोकं भलं मोठं आणि मागचं अंग वाळलेलं. असं डोकं दिसलं की समजावं, मासा वयाने वाढला आहे पण पोटाला मिळालेलं नाही.

त्यातली एक चिलापी मी हातात घेतली. अकरा सेंटिमीटर, माझ्या मधल्या बोटाहून थोडी मोठी. गालफडं फुगलेली. खालचा जबडा अंगठ्याने हळूच दाबला, तशी तिच्या तोंडातून माझ्या तळहातावर पिल्लं सांडली. मोहरीएवढे डोळे, पोटाला पिवळी पिशवी चिकटलेली, साठ-सत्तर तरी असतील. चिलापीची मादी अंडी तोंडात उबवते आणि पिल्लं पोहू लागली तरी धोका दिसताच त्यांना परत तोंडात घेते. मी मालकांच्या मुलीला बोलावून तो तळहात दाखवला आणि बादलीत हात बुडवून पिल्लं सोडली. मालक गप्प झाले होते. बोटभर मासळी आणि तिला पोरं झालेली, हे त्यांना एका नजरेत कळलं.

यालाच तळं खुंटणं म्हणतात. जागा आणि अन्न भरपूर असेल तर चिलापी आधी वाढते आणि मग विते. गर्दीत ती वाढ सोडून देते आणि बोटभर असतानाच अंडी घालू लागते. उथळ पाण्यात नर ताटाएवढे खळगे करतात. बांधावरून मला ते शेकड्यांनी दिसत होते, एकाला एक लागून. मोझांबिक तिलापिया, म्हणजे हीच चिलापी, भारतात १९५२ साली मुद्दाम आणला गेला, गरिबाला स्वस्त प्रथिनं मिळावीत म्हणून. आज उजनीची चिलापी भिगवणच्या धाब्यांवर लोक आवडीने खातात, आणि त्यात काही वावगं नाही. पण शिकारी मासा नसलेल्या छोट्या तळ्यात ती शिरली की दोन पावसाळ्यांत बाकीच्यांना जागा उरत नाही.

पाणीही तपासलं. पाणी किती नितळ आहे हे बघायला दोरीने खाली सोडतात ती काळी-पांढरी सेक्की तबकडी १८ सेंटिमीटरला दिसेनाशी झाली. माशांच्या तळ्यात ती ३० ते ४० पर्यंत दिसावी. विरघळलेला प्राणवायू दुपारी तीनला लिटरमागे ११ मिलिग्रॅम, पहाटे साडेपाचला २.४. इतका हिंदोळा म्हणजे पाण्यात शेवाळाची दाटी. दिवसा ते प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच पितं. शनिवार-रविवारी येणारे पाहुणे पाव आणि तरंगतं खाद्य टाकायचे, तेच शेवाळाचं खत होत होतं.

शिकारी गेला कुठे?

हे कोडं मालकांच्या खर्चाच्या वहीत सुटलं. मे २०२१ मधली नोंद होती: 'मोहाची पेंड'. जमीन घेतल्यावर त्यांनी कटला-रोहूची शेती करायचं ठरवलं होतं आणि कार्पपालनाच्या एका पुस्तिकेप्रमाणे पावलं टाकली होती. त्या पद्धतीत बीज सोडण्याआधी मोहाची पेंड टाकून तळ्यातले 'भक्षक व निरुपयोगी मासे' मारतात. प्रमाण हेक्टरी २५०० किलो. पेंडीतल्या सॅपोनिनने मासे मरतात, पंधरा-वीस दिवसांनी विषार ओसरतो आणि पेंडीचं खत होतं. कार्पची बोटुकली विकत आणून वर्षाने काढून विकायची असतील तर हे शास्त्राला धरूनच आहे, कारण मरळ त्या बोटुकल्यांचा फडशा पाडते.

पण इथे कार्पची शेती पुढे झालीच नाही. बीज सोडलं, त्यातूनच बहुधा चार-दोन चिलाप्या आल्या, आणि त्यांना खाणारं कुणी उरलं नव्हतं. मामांना मी विचारलं, "पूर्वी मरळ होती का इथे?" त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. "एवढाल्या व्हत्या. पेंड टाकली त्या दिशी समद्या वर आल्या. आमी दोन गोणी उचलल्या."

म्हणजे ज्या तळ्यासाठी नव्या शिकारी माशाचा शोध सुरू होता, त्यात शिकारी मासा आधीपासूनच होता. तो हाताने संपवला गेला, आणि त्याच्या जागी एक परका आणायची तयारी चालली होती.

बास का नको

मालक हट्टी नव्हते, पण त्यांचा प्रश्न रास्त होता: "तळं माझं आहे. खरा बास मिळवून सोडला तर बिघडतं काय? तो काय बाहेर पळून जाणार आहे?"

मी त्यांना सांडव्यावर नेलं. जुलैत तिथून फूटभर पाणी वाहतं. ओढा पवनेला मिळतो. पवना दापोडीला मुळेत जाते, मुळा पुण्यात संगमावर मुठेला भेटते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेत, आणि भीमा उजनीत. बोटभर बासला या प्रवासात कुठेही दार लागत नाही. आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे याच वाटेने उलटे वर येतात, हे मावळातल्या कुठल्याही पोराला ठाऊक आहे. सांडवा दोन्ही बाजूंनी उघडा असतो.

बास इथे जगला नसता, असंही नाही. फ्लोरिडासारख्या उष्ण मुलखात तो सुखाने राहतो. जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात तो पहिल्यांदा सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला, आणि २००५ मध्ये तिथल्या सरकारला बास पाळणं, नेणं, आणणं कायद्याने बंद करावं लागलं. ज्या बिवा सरोवरात विक्रमाची बरोबरी झाली, तिथे पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाही २००३ पासून मनाई आहे. जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या जातींच्या यादीत बासचं नाव आहे. आपल्याकडे परदेशी मासा आणायला केंद्राची परवानगी लागते. थाई मांगूरवर २००० सालापासून बंदी आहे, तरी चोरून पाळला जाणारा मांगूर आपल्या नद्यांत किती पसरला, हे इंदापूर-दौंडकडच्या भोई मंडळींना विचारा.

मालकांना सगळ्यात जास्त लागलं ते ग्वाटेमालाच्या अतितलान सरोवराचं. त्यांच्या तळ्यावर टिबुकली या पाणपक्ष्याची एक जोडी आहे. मुलीने त्यांना नावंही ठेवली आहेत. अतितलानमध्ये एक मोठी टिबुकली होती, जगात फक्त त्याच एका सरोवरात राहणारी. १९५८ पासून तिथे बास सोडले गेले. बासने तिचं खाद्य खाल्लं आणि पिल्लंही गिळली. पुढे काठचे लव्हाळे कापले गेले, १९७६ च्या भूकंपानंतर पाणी उतरलं. सगळा दोष बासचा नाही. पण १९८० च्या दशकाअखेर तो पक्षी संपला. मुलगी शेजारीच उभी होती. बासचा विषय त्या दिवशी संपला.

मी त्यांना एवढंच म्हटलं, की तुम्हाला बासमध्ये जे आवडतं ते सगळं मरळीत आहे. ती गवताच्या कडेला दबा धरून बसते, पृष्ठभागावरच्या बेडकावर झेपावते, तिचा फटका पाण्यात दगड पडल्यासारखा वाजतो. तुमचे अमेरिकेहून आणलेले रॉड, रबरी बेडूक, स्पिनर, सगळं तिला चालतं. तेलंगणाने तर मरळीला राज्यमासा केलं आहे. आणि मरळीच्याच कुळातला एक मासा २००० साली फ्लोरिडात सापडला, तेव्हापासून तिथले लोक त्याच्या मागे लागले आहेत. त्यांच्या पाण्यात तो परका, जसा आपल्या पाण्यात बास.

किती शिकारी, किती शिकार

या कामात मला सगळ्यात उपयोगी पडतं ते अलाबामातल्या होमर स्विंगल यांचं काम. ऑबर्नच्या कृषी संस्थेत त्यांनी शेकडो शेततळी वर्षानुवर्षं भरली, रिकामी केली आणि त्यातला एकूण एक मासा तोलला. बास शिकारी आणि ब्लूगिल भक्ष्य, अशी ती तळी. १९५० साली त्यांनी मांडलं की भक्ष्य माशांचं एकूण वजन शिकारी माशांच्या वजनाच्या ३ ते ६ पट असेल तर तळं वर्षानुवर्षं चांगले मासे देत राहतं. हे प्रमाण फार वर गेलं की भक्ष्य खुंटतं. ते आकडे बासच्या तळ्यांचे आहेत, मरळ-चिलापीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण हिशेब करण्याची रीत तीच. आमच्या तळ्यात एका बाजूला टनाच्या घरात चिलापी, दुसऱ्या बाजूला हातावर मोजण्याइतके जिताडे. गुणोत्तर काढण्यातही अर्थ नव्हता.

तळं पूर्ण उपसून नव्याने सुरुवात करावी, असा एक विचार होता. पण खालच्या वाडीची गुरं त्याच पाण्यावर जगतात, तेव्हा तो सोडला. ठरलं ते असं: खाद्य बंद, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ओढजाळ्याने चिलापी काढायची, मग मरळ सोडायची.

मे २०२४ मध्ये तीन दिवस ओढजाळं ओढलं. वाडीतली वीस-बावीस माणसं पाण्यात. ९४० किलो चिलापी निघाली. मोठी म्हणावी अशी त्यात टोपलीभरही नव्हती. वाडीतल्या घरांनी नेली, उन्हात वाळवली, आणि चार महिने मावळात त्या सुकटीचा वास होता. पाण्याची हिरवाई महिन्याभरात फिकी पडली.

माझी चूक

त्याच वेळी मालकांनी काठ साफ करायचं काढलं. पाणकणसाची बेटं, वरच्या अंगाची कमळं, काठावर वाकलेली करंजाची फांदी, सगळं काढून दगडी कठडा करायचा होता. मला विचारलं. चिलापीची घरटी नीट दिसतील, जाळं ओढायला सोपं जाईल, या विचारात मी हो म्हटलं.

जूनमध्ये परजिल्ह्यातून मरळीची २०० बोटुकली आणली, चार-पाच सेंटिमीटरची. संध्याकाळी पिशव्या तासभर पाण्यावर ठेवून तापमान जुळवलं, हळूहळू पाणी मिसळलं, सगळं पुस्तकाप्रमाणे. ऑगस्टमध्ये शोधायला गेलो तर एक मिळाली. सप्टेंबरमध्ये तीही नाही.

बांधावर मी हिशेब मांडत बसलो होतो: पाणपक्ष्यांनी किती, एकमेकांनी किती. मामा शेजारी येऊन बसले आणि पहिल्यांदा आपणहून बोलले. "साहेब, ल्हान पोरं तुम्ही उघड्या माळावर सोडली. गवात कापलं समदं. ती लपायची कुठं? सकाळच्या पारी बगळं रांगेनं उभं ऱ्हायचं, मी बघत व्हतो."

"मग तेव्हाच सांगायचं ना, मामा."

"तुम्ही इचारलं न्हाई."

त्यांचं खरं होतं. मरळ आयुष्यभर आडोशावर जगते. पाणवनस्पती बाजूला सारून ती गोल मोकळी जागा करते आणि तिथे अंडी घालते, पिल्लं त्याच गवतात वाढतात, मोठी झाल्यावर शिकारही तिथूनच करते. हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो आहे. तरी जाळ्याच्या सोयीसाठी मी तो आडोसा काढू दिला, आणि त्यावर मालकांचे पैसे आणि एक हंगाम गेला. मी त्यांना तसं लिहून दिलं आणि बोटुकल्यांची किंमत माझ्या मानधनातून वळती केली.

त्याच सप्टेंबरात आणखी एक फटका बसला. चार दिवस ऊन नाही, वारा पडलेला. पाचव्या पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. मामांनी फोन केला, मी सांगितल्याप्रमाणे पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात फवारलं. तरी साठेक कटले-रोहू गेले, तेही मोठे. प्राणवायू कमी पडला की मोठा कार्प आधी जातो. चिलापी तग धरते, आणि मरळ तर वर येऊन हवाच घेते. उरलेल्या शेवाळाने शेवटचा हिसका दिला होता. त्यानंतर पाहुण्यांचा पाव पूर्ण बंद झाला. तोवर मालक तो चोरून चालू देत होते.

मामांच्या मरळी

२०२४ च्या हिवाळ्यात काठ परत वाढू दिला. पाणकणीस आपोआप फुटलं, कमळाचे कंद वाडीतल्या बायांनी दुसऱ्या तळ्यातून आणून लावले. मे २०२५ मध्ये खालच्या ओढ्याचे डोह आटत आले होते. दरवर्षी त्या डोहांतले मासे पाणी संपलं की बगळ्यांच्या आणि कुत्र्यांच्या तोंडी जातात. मामा आणि त्यांचा पुतण्या आठ दिवस पहाटे जायचे. ढोपरभर चिखलात हात घालून त्यांनी मरळी काढल्या, ओल्या पोत्यात गुंडाळून डोक्यावरून आणल्या. मरळ हवा घेत असल्याने अशी तासभर सहज जगते. एकूण २२ मिळाल्या, २५ ते ३० सेंटिमीटरच्या. बीज याच ओढ्याचं, म्हणजे याच पाण्याचं. दांडवण, मुऱ्या, मळे हे इथले छोटे मासे तिच्यासोबतच वाढत आले आहेत, म्हणून मला काळजी नव्हती.

एक मरळ सोडताना मी हातात धरली होती. सापासारखं डोकं, पाठीवर गर्द हिरवट काळा रंग, पोटाकडे तिरके पट्टे. गवताच्या तोंडाशी पाण्यात ठेवली. ती क्षणभर थांबली, एक श्वास घेतला, 'बुळूक' असा अगदी लहान आवाज झाला, आणि पाणकणीस जरासं हललं. मामा म्हणाले, "गेली घरी."

बावीस मरळींचं वजन जेमतेम पाच किलो. स्विंगलच्या पट्टीने हे काहीच नाही, म्हणून मरळी मोठ्या होईपर्यंत त्यांचं काम जाळ्याने करायचं ठरलं. दर महिन्याला एक दिवस फेकजाळं. उन्हाळ्यात मोरीतून आठवड्याला वीतभर पाणी सोडून चिलापीचे खळगे उघडे पाडायचे. गळाला आलेली चिलापी परत सोडायची नाही, मरळ मात्र सोडायची, आणि जून ते ऑगस्ट तिच्यावर गळच टाकायचा नाही. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून बसवलेला.

आज कुठे आहोत

ऑगस्ट २०२५ मध्ये मामांनी फोनवर फक्त "या" म्हटलं. वरच्या अंगाला कमळाच्या पानांमध्ये पाणी केशरी दिसत होतं. परातीएवढा पिल्लांचा घोळका, शेकड्यांनी, वर येत होता, बुडत होता, एकत्रच वळत होता. खाली दोन सावल्या. एक खंड्या वरच्या फांदीवर येऊन बसला आणि त्यातली एक सावली लगेच वर आली. मरळ पिल्लांवर अशी राखण ठेवते. मुलगी दीड तास तिथून हलली नाही.

ऑक्टोबरमध्ये दहा घेर टाकले तेव्हा ६८ चिलाप्या आल्या. पहिल्या वेळी साधारण अकराच्या असायच्या, आता सतराच्या. तबकडी ३४ सेंटिमीटरपर्यंत दिसली. कटल्यांच्या पाठी भरल्या आहेत. यातलं बरंचसं श्रेय जाळ्याचं आणि बंद झालेल्या खाद्याचं आहे, पाच किलो मरळींचं नाही, हे मी मालकांना स्पष्ट सांगितलं आहे. जाळं थांबवलं तर दोन पावसाळ्यांत तळं मागच्या जागी जाईल.

त्याच दिवशी संध्याकाळी मुलीने कमळाच्या कडेला रबरी बेडूक टाकला. वडिलांनी शिकवल्याप्रमाणे दोन वेळा खेचून थांबली. पाणी फुटलं, रॉड वाकला, तिने "बाबा" अशी हाक मारली आणि पुढे तिला शब्द सुचले नाहीत. अडतीस सेंटिमीटरची मरळ. ओल्या हातांनी धरली, काटा काढला, गवताशी नेऊन सोडली. मालकांनी वहीत लांबी, वेळ आणि जागा लिहिली.

मेमध्ये पाणी उतरलं की पुन्हा ओढजाळं ओढायचं आहे, तेव्हा मरळींचं खरं वजन कळेल. सांडव्याला जाळी लावायची की नाही यावर अजून एकमत नाही. मला वाटतं जिताडे खाली ओढ्यात जाऊ नयेत म्हणून ती हवी. मामांचं म्हणणं, जाळी लावली तर चढणीच्या मरळी वर कशा येतील? पावसाआधी काय ते ठरवायचं आहे, आणि या वेळी बैठक मामांच्या ओसरीवर आहे.